हाकेला ओ देणारा व्यापार

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



वार्षिक समारंभाच्या पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, मुलांनी डॉक्टर-इंजिनिअर व्हावे असा आशीर्वाद द्यावा आणि खाली बसावे अशी आपली रीत आहे. ते महत्त्व आपणांस माझ्याइतकेच कळते. कळत नसते तर ही इमारत उभी राहिली नसती. म्हणून मी आज रोजच्या व्यवहारातला एक विषय घेतला आहे. इंटरनेटवरून माल विकणाऱ्याला गिऱ्हाईकाने हाक मारली, तर ती त्याला ऐकू कशी जावी आणि त्याने ओ कशी द्यावी, हा तो विषय.

विषय लहान वाटेल. परंतु येथे बसलेल्या भगिनींपैकी कितीतरी जणी घरबसल्या काही ना काही विकतात हे मला ठाऊक आहे. कोणी कपडे शिवते, कोणी मसाला करते, कोणाच्या घरी आंब्याच्या पेट्या भरल्या जातात. फोटो काढणे, भाव लिहिणे, पार्सल बांधणे ही कामे मुले करतात. माल चांगला असतो, फोटोही सुरेख असतात. पण गिऱ्हाईकाला काही विचारायचे झाले तर कोठे विचारावे, हे मात्र बहुतेक ठिकाणी शोधूनही सापडत नाही. आणि माझे असे मत झाले आहे की, व्यापार बुडतो तो पुष्कळदा येथेच.

अब्बांच्या दुकानाची पायरी

माझ्या वडिलांचे कापडाचे दुकान होते. तालुक्याच्या बाजारपेठेत, एस.टी. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. दुकानावर पाटी होती, पाटीवर मालकाचे नाव होते. बिलबुकावर पत्ता छापलेला होता आणि त्याखाली दोन ओळी होत्या : दुकानाची वेळ, आणि शुक्रवारी दुपारी दुकान बंद राहील ही सूचना. फोन फार पुढे आला. तोपर्यंत लांबच्या गावचे गिऱ्हाईक पोस्टकार्ड लिहीत असे, आणि अब्बा गल्ल्यावर बसल्या बसल्या त्याला उत्तर लिहीत.

एकदा बाजाराच्या दिवशी वाडीवरची एक बाई येऊन पायरीशी उभी राहिली. तोंडाने काही बोलेना. तिने गाठोडे सोडले आणि रंग उतरलेले कापड पुढे धरले. मुलीच्या लग्नासाठी नेलेले ते कापड होते. मी तेव्हा सातवीत होतो. मला वाटले, आता वाद होणार. अब्बा म्हणाले, "आधी पाणी घ्या, बाई." मग कापड हातात घेऊन पाहिले, बदलून दिले आणि संध्याकाळी घाऊक व्यापाऱ्याला पत्र लिहिले.

रात्री मी त्यांना विचारले, आपले नुकसान झाले ना? ते म्हणाले, "बेटा, तक्रार घेऊन जे गिऱ्हाईक पायरीवर येते, ते आपली अब्रू राखते. जे येत नाही ते गावभर बोलत फिरते, आणि आपल्याला कळतही नाही."

पुढे मी तीस वर्षे वाणिज्य शिकविले. ग्राहकसेवेवर पुस्तकांत पुष्कळ वाचले. पण त्या वाक्यापेक्षा जास्त काही मला तेथे सापडले नाही.

माझी स्वतःची फजिती

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला संकोच वाटतो. तरीही सांगतो, कारण त्यावाचून विषयाचे गांभीर्य आपल्या ध्यानात येणार नाही.

माझ्या नातीसाठी मी मोबाइलवरून शाळेचे दप्तर मागविले. दप्तर आले, पण एका बाजूची चेन तुटलेली. बदलून घ्यावे म्हणून मी त्या कंपनीची वेबसाइट उघडली. खरेदी करण्याचे बटण प्रत्येक पानावर, चांगले मोठे. संपर्काचे कोठेच नाही. एक फॉर्म मिळाला; त्यात जन्मतारखेपासून सगळे भरले, आणि शेवटी 'काहीतरी चुकले' एवढेच उत्तर आले. काय चुकले ते कळले नाही. मग एक यंत्र बोलू लागले. मी काहीही विचारले तरी ते मला त्याच तीन प्रश्नांपाशी आणून सोडी.

शेवटी नातीने इंटरनेटवर त्या कंपनीच्या नावाने नंबर शोधला आणि म्हणाली, "नाना, सापडला!" मी फोन लावला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलत होता. पैसे परत देण्यासाठी मोबाइलवर एक ॲप घ्या म्हणाला, मी घेतले. खात्री करण्यासाठी पाच रुपये पाठवा म्हणाला, मी पाठविले. त्या ॲपमधून त्याला माझा पडदा दिसत होता. दहा मिनिटांत माझ्या खात्यातून ८,४०० रुपये गेले. मी लाजेने चार दिवस घरात कोणाला बोललो नाही, आणि तेच चार दिवस महत्त्वाचे होते. पैसे परत आले नाहीत.

अकराव्या दिवशी खऱ्या कंपनीचे उत्तर आले. त्यांनी तक्रार न करता दप्तर बदलून दिले. त्यांचा ई-मेल वेबसाइटवर होता, पण 'नियम व अटी' या पानाच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत.

मित्रहो, त्या कंपनीने मला फसविले नाही. तिने फक्त आपल्या दाराची पाटी उतरवून ठेवली होती, आणि त्या रिकाम्या जागी एका चोराने स्वतःची पाटी लावली. आपला नंबर ठळकपणे न देणे हा निव्वळ आळस नव्हे. त्यामुळे आपल्या नावावर दुसरा कोणी गिऱ्हाईकाला लुबाडू शकतो. मला आज मुख्यतः हेच सांगायचे आहे. पुढे सांगणार आहे ते सारे यातूनच निघते.

कायदा काय म्हणतो

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्ससाठी स्वतंत्र नियम निघाले. इंटरनेटवर व्यापार चालविणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, कार्यालयाचा पत्ता, ई-मेल, फोन आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क गिऱ्हाईकाला स्पष्ट दिसेल असा द्यावा, असे हे नियम सांगतात. तक्रार आल्यावर ४८ तासांच्या आत ती मिळाल्याची पोच द्यावी आणि एका महिन्याच्या आत तिचा निकाल लावावा, अशीही त्यांत तरतूद आहे. मोठ्या बाजारपेठेच्या वेबसाइटवर आपला माल ठेवणाऱ्या विक्रेत्यावरही तक्रारीला ओ देण्याची ही जबाबदारी आहे.

कोणी घरातली जुनी सायकल एकदा विकली तर त्याला हे नियम लागू नाहीत. पण जो नियमितपणे विकतो तो व्यापारी झाला. तसेच मसाल्यासारखा बंद पाकिटातला माल असेल, तर तक्रारीसाठी कोणाशी संपर्क साधावा त्याचे नाव, पत्ता, फोन आणि ई-मेल पाकिटावर असावा असे २०११ च्या वजनमाप नियमांत आहे. आपल्या व्यवसायाला नेमके काय लागू पडते ते एखाद्या जाणत्या सल्लागाराला विचारून घ्यावे.

कायद्याचे भय दाखविण्यासाठी मी हे सांगत नाही. अब्बांच्या बिलबुकावर जे सहज छापलेले असे, तेच आज कायद्याने मागावे लागते, एवढेच दाखवायचे आहे.

पाटी कोठे लावावी

पहिली गोष्ट जागेची. संपर्काची माहिती प्रत्येक पानावर, आणि प्रत्येक पानावर एकाच ठिकाणी असावी. वरच्या कोपऱ्यात असेल तर सर्वत्र वरच्या कोपऱ्यात, तळाशी असेल तर सर्वत्र तळाशी. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष ठरविले जातात, त्यांच्या २०२३ च्या आवृत्तीत नेमकी हीच गोष्ट घातली आहे : मदतीची सोय अनेक पानांवर असेल, तर ती सगळीकडे त्याच क्रमाने यावी. वयस्क माणूस किंवा विसराळू माणूस जागा लक्षात ठेवून चालतो. रोज पाटी हलविली तर तो वाट चुकतो.

दुसरी गोष्ट अक्षरांची. पुष्कळ जण सुंदर चित्र तयार करतात आणि नंबर त्या चित्रातच लिहितात. चित्रातल्या नंबरवर बोट ठेवले तर फोन लागत नाही. जो दृष्टिहीन गिऱ्हाईक मोबाइलकडून मजकूर वाचून घेतो, त्याला चित्रातला नंबर ऐकू येईलच असे नाही. नंबर साध्या अक्षरांत लिहावा आणि बोट ठेवताच फोन लागेल असा ठेवावा. आपल्या समाजातले लोक दुबई-कुवेतला आहेत, केपटाऊनला तर पिढ्यान्‌पिढ्यांची कोकणी वस्ती आहे. त्यांच्यासाठी नंबराच्या आधी +९१ लिहायला विसरू नये.

तिसरी गोष्ट, पाटी केवळ वेबसाइटवर लावून भागत नाही. माल घरी पोहोचतो तेव्हा गिऱ्हाईक वेबसाइट पाहत नसते, त्याच्या हातात पार्सल असते. म्हणून पार्सलात पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी घाला. 'काही कमीजास्त असेल तर या नंबरवर कळवा, सकाळी दहा ते सायंकाळी सहा' एवढे पुरे. तोच मजकूर ऑर्डर मिळाल्याच्या संदेशात घाला.

आणि चौथी गोष्ट, महिन्यातून एकदा आपल्याच व्यवसायाचे नाव इंटरनेटवर शोधून पाहा. गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते. ती आपण केली नाही तर तिथे कोणता नंबर दिसतो ते आपल्याला समजत नाही. आपल्या नावाखाली परका नंबर दिसला तर ताबडतोब तक्रार करा. आपल्या पानावर एक ओळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : 'आम्ही गिऱ्हाईकाकडे ओटीपी मागत नाही आणि कोणतेही ॲप घ्यायला सांगत नाही.' ही ओळ मी वाचली असती तर माझे पैसे वाचले असते.

ओ कोणी द्यावी

पाटी लागली, आता दाराशी माणूस हवा. घरगुती व्यवसायात होते असे की, मोबाइल एकच असतो. सकाळी तो आईकडे, दुपारी मुलाकडे, रात्री मुलाचे खेळ चालू. गिऱ्हाईकाचा संदेश कोणीतरी वाचतो, कोणीतरी उत्तर देईल असे समजतो, आणि कोणीच देत नाही. संदेश वाचल्याची खूण मात्र गिऱ्हाईकाला दिसते. वाचून उत्तर न देणे म्हणजे पायरीवर आलेल्याकडे पाहून तोंड फिरविणे होय.

म्हणून एक वही घाला. तारीख, गिऱ्हाईकाचे नाव, काय विचारले, काय उत्तर दिले, काम पुरे झाले की नाही, असे पाच रकाने पुरे. प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्या आणि तो गिऱ्हाईकालाही कळवा. मग त्याला दुसऱ्यांदा सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही. रोज रात्री जेवणानंतर वही उघडून कोणाचे उत्तर राहिले ते पाहण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. महिन्याने ती चाळली की एकच प्रश्न वारंवार दिसतो. कुर्त्याची छाती किती इंच? मसाला किती दिवस टिकतो? पेटीत आंबे किती? जो प्रश्न दहा जणांनी विचारला त्याचे उत्तर मालाच्या फोटोखालीच लिहून टाका. 'लोक फार त्रास देतात, सारखे विचारतात,' असे म्हणणाऱ्यांना मी सांगतो की, लोकांनी विचारावे लागते याचा अर्थ आपण सांगायचे ते सांगितलेले नाही.

फॉर्म ठेवायचा असेल तर तीन रकान्यांचा ठेवा : नाव, फोन किंवा ई-मेल, आणि काय म्हणायचे आहे. जन्मतारीख कशाला हवी? नको असलेली माहिती गोळा करू नये, कारण ती सांभाळण्याची जबाबदारीही आपल्यावर येते. खासगी माहितीच्या रक्षणासाठी आपल्या देशात २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला आहे. फॉर्म पाठविल्यावर 'आपला निरोप मिळाला, उद्या सायंकाळपर्यंत उत्तर देऊ' असे लगेच दिसले पाहिजे. आणि तो फॉर्म खरोखर पोहोचतो का, हे महिन्यातून एकदा स्वतः भरून पाहा.

आजकाल उत्तरे देणारी यंत्रे स्वस्तात मिळतात. रात्री अकराला 'दुकान किती वाजता उघडते' हे त्याने सांगितले तर चांगलेच आहे. पण 'मला माणसाशी बोलायचे आहे' असे म्हणण्याची वाट त्यात असलीच पाहिजे. ती वाट नसेल तर ते यंत्र म्हणजे नोकराला दारात उभे करून मालकाने मागच्या दाराने निघून जाणे होय.

शब्द कसे असावेत

उत्तर देण्याचीही एक तालीम असते. समजा, ईदसाठी मागविलेला मुलाचा कुर्ता लहान निघाला आणि त्याच्या आईने संदेश पाठविला. एक उत्तर असे : 'माप पाहून ऑर्डर द्यायला हवी होती.' दुसरे उत्तर असे : 'ताई, कुर्ता लहान झाला हे कळले. ईदला पाच दिवस आहेत. मोठ्या मापाचा कुर्ता उद्या पाठविते, बुधवारपर्यंत पोहोचेल. जुना कुरिअरवाल्याकडे परत द्या.' पहिल्यात दोष कोणाचा ते सांगितले आहे. दुसऱ्यात मुलाच्या अंगावर ईदला कुर्ता असेल की नाही ते सांगितले आहे, आणि त्या आईला तेवढेच हवे आहे.

गिऱ्हाईक मराठीत लिहील तर मराठीत, उर्दूत लिहील तर उर्दूत उत्तर द्या. आपल्या घरांतल्या मुलांना दोन-तीन भाषा सहज येतात. हे फार मोठे भांडवल आहे आणि आपण ते वापरत नाही. फोनवर बोलणे ज्याला जमत नाही, कानाने ऐकू येत नाही, त्याच्यासाठी लिहिण्याची सोय असावी. आणि लिहिणे ज्याला जमत नाही त्याच्यासाठी फोन असावा. एकच दार ठेवले की कोणीतरी बाहेर राहतेच.

माल पोहोचण्यास उशीर होणार असेल तर गिऱ्हाईकाने विचारण्याची वाट पाहू नये. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाडच्या बाजारपेठा पाण्याखाली गेल्या तेव्हाची गोष्ट. माझी एक माजी विद्यार्थिनी घरून शिवणकाम करून कपडे पाठवीत असे. तिची एकोणीस पार्सले भिजली. वीज नव्हती, फोन लागत नव्हते. तिसऱ्या दिवशी ती नातेवाइकांच्या गावी गेली आणि मोबाइल चार्ज होताच तिने पहिले काम केले ते हे की, एकोणीस जणांना एकेक संदेश लिहिला : 'कपडे भिजले. पैसे परत हवेत की दोन महिन्यांनी नवे कपडे, ते कळवा.' चौघांनी पैसे मागितले. पंधरा जण थांबले, आणि त्यांतल्या काहींनी उलट तिचीच चौकशी केली. तिने लपविले असते तर एकोणीसही गेले असते.

भगिनींच्या मनातली शंका

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. पुष्कळ घरांत असे म्हणतात की, 'आमच्या मुलीचा नंबर साऱ्या जगाला कसा द्यायचा?' ही शंका खोटी नाही. रात्री-अपरात्री फोन येतात, नको ते संदेश येतात, हे मी ऐकले आहे. परंतु त्यावर उपाय व्यवसाय बंद करणे हा नाही, आणि नंबर लपविणे हाही नाही.

व्यवसायासाठी वेगळे सिमकार्ड घ्या. २०१८ पासून व्यवसायासाठीचे वेगळे व्हॉट्सॲप आहे. ते दुसऱ्या नंबरवर त्याच मोबाइलमध्ये चालते. त्यात व्यवसायाचे नाव असते, स्वतःचा फोटो देण्याची गरज नसते. कामाची वेळ लिहून ठेवता येते आणि वेळेनंतर येणाऱ्याला आपोआप उत्तर जाते : 'दुकान बंद आहे, सकाळी दहाला उत्तर देऊ.' सहा वाजता त्या फोनचा आवाज बंद करून तो कपाटात ठेवा. जो वाह्यात बोलेल त्याचा नंबर बंद करा, आणि घरी सांगा. सांगितल्याबद्दल मुलीलाच रागावू नका. नाहीतर ती पुढच्या वेळी सांगणार नाही.

नकाशावरच्या नोंदीत, गिऱ्हाईक घरी येत नसेल तर, घराचा पत्ता न दाखविण्याची सोय आहे. कायद्याप्रमाणे जो पत्ता द्यायचा तो घराचा नको असेल, तर भावाच्या दुकानाचा किंवा कार्यालयाचा पत्ता व्यवसायाचा पत्ता म्हणून रीतसर नोंदवून घ्या. अट एकच : त्या पत्त्यावर पाठविलेले पत्र खरोखर आपल्या हातात आले पाहिजे. खोटा पत्ता देणे म्हणजे दुसऱ्याच्या दाराला आपली पाटी लावणे. ते कोणी करते, हे मी आपणांस आधीच सांगितले आहे.

कोणी म्हणेल, चोवीस तास उत्तर द्यायला आमच्याकडे माणसे कोठे आहेत? चोवीस तास कोणीच मागत नाही. अब्बा शुक्रवारी दुपारी दुकान बंद ठेवीत, पण तसे बिलावर छापलेले असे. दोनच तास उत्तर देणार असाल तर दोन तास लिहा, आणि ते दोन तास पाळा. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिकडे गिऱ्हाईक असेल तर वेळेपुढे 'भारतीय वेळ' असे लिहा.

विद्यार्थ्यांना आणि पालकांना

विद्यार्थी मित्रांनो, एक काम देतो. ही सुट्टी संपण्याआधी आपल्या ओळखीच्या तीन घरगुती व्यवसायांची पाने उघडा. आपण अनोळखी गिऱ्हाईक आहोत असे समजा. फोन नंबर सापडायला किती सेकंद लागतात ते मोजा. संदेश पाठवा आणि उत्तर किती वेळाने येते ते लिहून ठेवा. मग जे आढळले ते त्या चाचीला, त्या मामूला आदराने सांगा आणि त्यांची पाटी नीट करून द्या. त्यासाठी पैशाची गरज नाही. वाणिज्याचा जो धडा मला वर्गात शिकविता आला नाही तो यातून तुम्ही शिकाल.

पालकांना दोन नंबर सांगतो. घरी भिंतीवर लिहून ठेवा. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा. विकणारा ऐकत नसेल तर तेथे तक्रार नोंदविता येते. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा. पैसे गेल्याचे कळताच, त्याच मिनिटाला लावायचा. माझ्यासारखे चार दिवस लाजत बसू नका. लाज ज्याने पैसे नेले त्याला वाटायला हवी.

अब्बांचे दुकान आता राहिले नाही. त्या जागी इमारत उभी आहे. पण त्यांचे एक जुने बिलबुक मी जपून ठेवले आहे. परवा माझी नात ते चाळत होती. पाटीवरचे नाव, पत्ता, वेळ, शुक्रवारची सूचना हे सारे वाचून ती म्हणाली, "नाना, यांना शोधायला काहीच त्रास पडत नसेल!" मी म्हणालो, "नाही बेटा, पडत नसे."

तुमच्या व्यवसायाबद्दल कोणाच्या तरी नातीने असेच म्हणावे, एवढी इच्छा व्यक्त करतो.